थांबली का गं?

"राहा की आजची रात्र," मैत्रीण दारात उभी राहून तीनदा म्हणाली. जानेवारीतला शनिवार, संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू, नॅशुआतलं तिचं घर बायकांनी भरलेलं, वाणात स्टीलच्या गाळण्या, आणि बाहेर दुपारपासून भुरभुरणारा पाऊस. बर्फ नाही, पाऊस. अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू हॅम्पशायरमध्ये, जानेवारीत पाऊस पडला की इथली जुनी माणसं घराबाहेर पडत नाहीत, हे नऊ हिवाळे काढल्यावर मला कळायला हवं होतं. मी आईला काठापदराच्या साडीवर जाड जॅकेट चढवत होते. तिळगुळाचा डबा माझ्या काखेत होता. आणि बोलता बोलता मी सहज म्हणून गेले, "अगं, गाडी सुबारू आहे माझी. काही होत नाही."

ते वाक्य मला अजून सोडत नाही.

हायवेला काहीच झालं नाही. मीठ टाकून ठेवलेलं होतं, काळा ओला रस्ता नुसता चकाकत होता, आणि आई मला कोणाच्या साडीचा काठ कसा होता ते सांगत होती. कॉन्कर्ड मागे पडलं. आमची एक्झिट घेतली. तिथून घर दोन मैल. शेवटच्या मैलात एक उतार आहे, उताराच्या तळाशी स्टॉपची पाटी, आणि पाटीच्या पुढे आडवा मोठा रस्ता. मी पंचवीस मैलांच्या वेगाने उतरत होते. उन्हाळ्यात त्या उताराला पस्तीसने उतरते, म्हणजे माझ्या मते मी जपूनच चालले होते. पाटी दिसली, ब्रेकवर पाय ठेवला. गाडी घसरताना मोठा आवाज होतो अशी माझी उगाच समजूत होती. तसलं काही झालं नाही. पायाखाली पेडल थरथरलं, खालून कट-कट-कट असं काहीतरी जाणवत राहिलं, आणि गाडी आपल्या चालीने पुढेच जात राहिली. लाल पाटी उजव्या काचेतून हळूच मागे गेली. मोठ्या रस्त्याच्या दोन्ही लेन आम्ही आडव्या ओलांडल्या, चालत्या माणसाच्या वेगाने. डावीकडे लांबवर दोन दिवे दिसत होते. पलीकडच्या कडेला, बर्फ लोटणाऱ्या ट्रकने रचून ठेवलेल्या ढिगात गाडीचं नाक शिरलं आणि गाडी उभी राहिली. डबा खाली पडला होता. लाडू पायांशी गडगडत होते, तेवढाच आवाज.

मग आई म्हणाली, "थांबली का गं?"

ती ओरडली नव्हती. घाबरल्याचं तिने नंतरही कधी बोलून दाखवलं नाही. एसटी डेपोच्या क्वार्टर्समध्ये आयुष्य काढलेली बाई जेवढ्या साधेपणाने विचारेल, तेवढ्याच साधेपणाने तिने विचारलं होतं. मी "हो" म्हणाले. दहा-बारा सेकंदांनी ते डावीकडचे दिवे आमच्या मागून निघून गेले. मालवाहू ट्रक होता. त्याच्या चाकांनी उडवलेलं पाणी मागच्या काचेवर सपकन बसलं. गाडी थांबली होती हे खरं, पण मी थांबवलेली नव्हती.

कोपऱ्यावरच्या घरातून एक म्हातारा टॉर्च घेऊन बाहेर आला. त्या वळणावर तो दर हिवाळ्यात कोणाला ना कोणाला बाहेर काढत असणार, कारण त्याने काहीही न विचारता पिकअप आणली, पट्टा बांधला, आणि पाच मिनिटांत आम्हाला मागे ओढून सपाटीला लावलं. जाण्याआधी मात्र तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. खिशातून पंचवीस सेंटचं नाणं काढलं, वॉशिंग्टनचं डोकं खाली करून टायरच्या खाचेत उभं धरलं आणि टॉर्च त्यावर पाडला. डोकं पूर्ण दिसत होतं. केसांच्या वर सुद्धा थोडी जागा उरत होती. हिवाळ्यात ते डोकं रबरात थोडं तरी बुडायला हवं, नाहीतर खाचेला बर्फ धरता येत नाही, असं तो म्हणाला. मग गाडीच्या मागे लिहिलेल्या 'ऑल व्हील ड्राइव्ह', म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ, ह्या अक्षरांकडे टॉर्च वळवला. "हे निघायला," तो म्हणाला. टायरवर हात थापटून म्हणाला, "थांबायला हे." एवढं बोलून तो घरात गेला. टायर गाडी घेतली तेव्हाचेच होते, बारमाही वापराचे, बेचाळीस हजार मैल पळालेले. ते बदलायचं दोन हिवाळे मनात होतं. प्रत्येक वेळी मनात दुसरंही वाक्य यायचं, की सुबारू आहे, चालतंय.

त्या रात्री झोप लागली नाही. एका गाडीच्या नावावर माझा इतका भरवसा का बसला होता, ह्याचा विचार करत पडले होते. इथे सगळेच ते नाव घेतात, हे एक कारण झालंच. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं तर पाच-सहा तरी सुबारू नजरेत येतात, मागच्या काचेवर कुत्र्याचे केस आणि टपावर स्कीचा सांगाडा असलेल्या. पण माझं कारण वेगळं होतं आणि ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सुबारू म्हणजे कृत्तिका. जपानी भाषेत त्या तारकापुंजाचं ते जुनं नाव आहे. गाडीच्या नाकावर निळ्या अंडाकृतीत जे सहा तारे असतात, त्या कृत्तिका आहेत. हे मला गाडी घेतल्यावर कितीतरी महिन्यांनी कळलं, आणि कळलं त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीसमोर उभी राहून रडले होते.

कारण कृत्तिका मला अप्पांनी दाखवल्या होत्या. अप्पा एसटीत ड्रायव्हर, महाबळेश्वर डेपोला. त्यांना मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन आडगावात जायचं, रात्री तिथेच झोपायचं आणि पहाटे दुधाच्या किटल्या आणि कॉलेजची पोरं घेऊन परत यायचं. मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या वेळी ते मला बरोबर न्यायचे. दिवाळीनंतरची थंडी, बसच्या टपावर कॅरिअरमध्ये ताडपत्री, त्यावर वाकळ, आणि वर इतके तारे की डोळे मिटावेसे वाटायचे. डिझेलचा आणि शेणाच्या धुराचा वास एकत्र यायचा. अप्पा बोट दाखवून म्हणायचे, तो पुंजका बघ, मोज किती दिसतात. मी सहा मोजायचे. ते सांगायचे, कार्तिकात ह्या दिवेलागणीला उगवतात आणि आपण गाडी काढतो तेव्हा मावळतीला टेकलेल्या असतात, म्हणजे रात्रभर आपल्याबरोबर. मनगटात घड्याळ होतं त्यांच्या, तरी पहाटे उठल्यावर आधी वर बघायचे. कार्तिकेयाला ह्या सहा जणींनी दूध पाजलं, त्या त्याच्या सहा आया, म्हणून त्याला सहा तोंडं, हेही तिथेच टपावर ऐकलं. युरोपातले लोक त्यांना सात बहिणी म्हणतात. आपण सहाच मानतो, आणि जपानी लोकही. त्यांच्याकडे ह्या पुंजाचं दुसरं नाव आहे, त्याचा अर्थच सहा तारे. अप्पा गेले त्याला सहा वर्षं झाली. परक्या देशात, उणे वीसच्या सकाळी, गाडीवरचा बर्फ झाडताना खालून ते सहा तारे निघायचे आणि मला वाटायचं, बाप बरोबर आहे. काही होत नाही.

पण अप्पांनी स्वतः असा भरवसा कधी ठेवला नसता, हे त्या रात्री फार बोचलं. आंबेनळी घाटात पावसाळ्यात एसटी चालवणारा माणूस तो. धुक्यात बॉनेट दिसत नाही असे दिवस. त्यांचा एक नियम होता, तो त्या घाटातला प्रत्येक ड्रायव्हर सांगेल: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक शेवटी. आणि दुसरं ते म्हणायचे की मुसळधार पावसाला घाबरायचं कारण नाही, पहिल्या पावसाला घाबर. वर्षभराचं सांडलेलं ऑइल आणि धूळ पहिल्या सरीने नुसती भिजते, वाहून जात नाही, तेव्हा रस्ता साबण होतो. इथल्या हिवाळ्याचंही नेमकं तेच आहे. उणे वीसला गोठलेला बर्फ कोरडा असतो, पायाखाली करकर वाजतो, त्यावर गाडी बरी चालते. वाईट ते शून्याच्या आसपासचं. गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडतो आणि पडल्या जागी काच होतो, किंवा काचेवर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो. डोळ्याला रस्ता फक्त ओला दिसतो. कोरड्या डांबरावर टायरची जेवढी पकड असते, तिचा तिसरा-चौथा हिस्सा दबलेल्या बर्फावर उरतो. असल्या काचेवर दहावा हिस्साही उरेल ह्याची खात्री नाही. पहिल्या पावसाचं भान असलेल्या ड्रायव्हरची मुलगी मी, आणि त्या दुपारी खिडकीतून ती भुरभुर बघून मला काहीच आठवलं नाही.

मग मी वाचत बसले. त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री. ज्याच्या नावावर मी आईला त्या उतारावर नेलं, ते नाव आलं कुठून, हे मला बघायचं होतं. ते आलं विमानांतून. चिकुहेई नाकाजिमा नावाच्या नौदलातल्या इंजिनिअरने १९१७ साली नोकरी सोडली आणि गुन्मा प्रांतातल्या आपल्या गावी, ओता भागात, रेशमाचे किडे पाळायच्या एका शेडमध्ये विमानं बांधायला घेतली. सुरुवातीची विमानं पडायची. तेव्हा जपानात तांदूळ महाग झाला होता आणि लोक चिडवायचे की सगळ्याचे भाव वर जातात, नाकाजिमाचं विमान तेवढं वर जात नाही. पुढे ते गेलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत नाकाजिमा हा जपानच्या सगळ्यात मोठ्या विमान कारखान्यांपैकी एक झाला. जपानी लष्कराचं हायाबुसा हे लढाऊ विमान त्यांचं. प्रसिद्ध झिरो विमानाचा आराखडा मित्सुबिशीचा, पण त्यातली निम्म्याहून जास्त विमानं नाकाजिमाने बांधली आणि त्याचं इंजिनही त्यांचंच. युद्धाच्या शेवटी ह्यातली कित्येक विमानं वीस-बावीस वर्षांच्या पोरांना परत न येण्यासाठी दिली गेली.

इथे मला वाचणं थांबवावं लागलं. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, आमचे थोरले तात्या, मराठा पलटणीत होते आणि जपान्यांविरुद्ध ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले होते. साताऱ्याकडच्या किती घरांतून असे लोक गेले. ते परत आले. मी त्यांना अगदी म्हातारपणी पाहिलंय. शेतात काम करताना विमानाचा आवाज आला की हातातलं खुरपं टाकून ते आंब्याच्या बुंध्याशी जाऊन उभे राहायचे. मुंबईला जाणारं प्रवासी विमान असायचं, आकाशात टाचणीएवढं. पोरं हसायची, ते काही बोलायचे नाहीत, विमान गेलं की परत येऊन खुरपायला बसायचे. हायाबुसा विमानं ब्रह्मदेशावर भरपूर लढली. थोरल्या तात्यांनी बुंध्याआडून जे आठवलं ते कुठल्या कारखान्यातलं होतं, हे त्यांना कुठून कळणार होतं, आणि मलाही ते नक्की सांगता येणार नाही. पण अंगणातल्या गाडीकडे त्यानंतर माझं बघणं बदललं. राग नाही आला. एक प्रकारचं संकोचलेपण आलं, जसं एखाद्या घरी वर्षानुवर्षं जेवायला जावं आणि एके दिवशी त्या घराचं आपल्या घराशी जुनं काहीतरी होतं असं कळावं.

१९४५ च्या फेब्रुवारीत अमेरिकी बॉम्बर्सनी ओताचा कारखाना फोडला. युद्धानंतर विमानं बांधायला बंदी झाली आणि कंपनीचे तुकडे पाडले गेले. हजारो कसबी माणसं आणि हाताला काम नाही. त्यांनी १९४६ मध्ये स्कूटर बांधली, नाव रॅबिट, आणि पहिल्या स्कूटरना चाकं लावली ती उरलेल्या बॉम्बर विमानांच्या शेपटाखालची. हे वाचताना मला डेपोतलं वर्कशॉप आठवलं. मोडक्या गाडीतलं काढून चालू गाडीला लावणारे, हात कोपरापर्यंत काळे झालेले मेकॅनिक. १९५३ मध्ये त्या तुकड्यांपैकी पाच कंपन्या पुन्हा एकत्र आल्या आणि फुजी हेवी इंडस्ट्रीज ही सहावी उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष केंजी किता ह्यांनी पहिल्या मोटारीसाठी नाव निवडलं सुबारू. त्या शब्दातच एकत्र येण्याचा अर्थ आहे. चिन्हातला एक तारा मोठा आणि पाच लहान, ते त्यासाठी. माझ्यासाठी ते अप्पांचे तारे होते, त्यांच्यासाठी फुटलेल्या घराच्या वाटण्या पुन्हा एक झाल्याची खूण.

अमेरिकेत ही गाडी पहिल्यांदा आली ती १९६८ मध्ये, सुबारू ३६०, बाहुलीच्या खेळातली वाटावी एवढी. हजार पौंडांपेक्षा हलकी होती, म्हणजे साडेचारशे किलोच्या आत, आणि एवढ्या हलक्या वाहनाला तेव्हाचे सुरक्षिततेचे सरकारी नियम लागू नव्हते. म्हणून ती आणता आली. आज ज्या नावावर आपण पोराबाळांना बर्फातून नेतो, ते ह्या देशात आलं तेव्हा सुरक्षिततेच्या नियमांतून सुटून आलं होतं. आणि बर्फाचं नाव तिला मिळालं ते तिसऱ्याच जागी. जपानच्या ईशान्येला तोहोकू भागात डोंगरात घरं बुडतील एवढा बर्फ पडतो. तिथल्या वीज कंपनीच्या लोकांना भर हिवाळ्यात डोंगरातल्या तारा तपासायला जावं लागायचं. जीप होत्या, पण त्यांत थंडी शिरायची, माणसं कुडकुडत जायची. त्यांनी मियागी प्रांतातल्या सुबारू विक्रेत्याला विचारलं की साध्या, बंद, उबदार गाडीलाच चार चाकांची ओढ देता येईल का. तिथल्या मेकॅनिकांनी एका छोट्या व्हॅनच्या मागच्या चाकांना दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना ओढ वाटून देणारा भाग, जोडून नमुना करून दाखवला. त्यातून १९७२ मध्ये लिओनी ही चारचाकी ओढीची स्टेशन वॅगन निघाली.

मला ह्या सगळ्या कहाणीत ते वायरमन फार जवळचे वाटतात. आमच्याकडे पावसाळ्यात डोंगरात लाइन पडली की खांबावर चढणारे वायरमन मी पाहिलेत, रेनकोटच्या आत भिजलेले, चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारे. ही गाडी शर्यतीसाठी जन्मली नाही की शौकासाठी नाही. कामाला गेलेली माणसं संध्याकाळी घरी परत यावीत, एवढीच मूळची मागणी. आणि ज्यांनी ती मागितली त्यांना बर्फाची इतकी समज होती की गाडी मिळाली म्हणून ते उतारावरून पंचवीसने आले नसते.

चार चाकांना ओढ असली की गाडी निघते, चढते, रुततच नाही. ते खरंच आहे. मी त्या गाडीने अशा सकाळी कामावर गेलेय की शेजाऱ्यांच्या गाड्या फाटकापाशी नुसत्या चाकं फिरवत होत्या. पण ब्रेक तर जगातल्या प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. थांबताना माझी गाडी आणि शेजाऱ्याची गाडी सारखीच. उलट सहज निघते म्हणून वेग कधी वाढला ते कळत नाही, रस्ता किती निसरडा आहे हे पायाला समजतच नाही. शेजाऱ्याला ते फाटकापाशीच समजतं.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन टायरच्या दुकानात गेले. तिने दोन्ही टायरना हात लावून बघितला. विंटर टायर बोटाने दाबला तर थोडा दबत होता, त्याच्या अंगावर करवतीने ओढल्यासारख्या शेकडो बारीक चिरा. माझा जुना टायर दगड. मी तिला सांगायला लागले की सात अंशांच्या खाली साधं रबर कडक व्हायला लागतं, आणि ती मध्येच म्हणाली, "म्हणजे थंडीत खोबरेल थिजतं तसं." अगदी तसं. हा टायर न थिजणाऱ्या तेलाचा. त्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी कोरलेली असते, ती खूण बघून घ्यायचा, आणि चारही चाकांना घालायचा. मालाची वाट बघायची होती, दहा दिवस लागणार होते.

त्या दहा दिवसांत आई इथल्या रस्त्यांबद्दल रोज नवं विचारायची. तिला सगळ्यात अस्वस्थ करायचं ते मीठ. आमच्याकडे मीठ सांडलं तर मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं असं ती लहानपणापासून ऐकत आणि ऐकवत आलेली. आणि इथे ट्रकच्या मागून खड्यांचं मीठ मुठी-मुठीने उधळत नेतात, बूट त्यावर कचकच वाजतात, गाडीच्या पोटावर पांढरा थर साचतो. पहिल्या दिवशी ती पायरीवरून उतरेना. रस्त्यांवर सरसकट मीठ टाकायचं धोरण अमेरिकेत पहिल्यांदा घेतलं ते ह्याच राज्याने, १९४१ मध्ये. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो म्हणून बर्फ वितळतो, पण उणे दहाच्या आसपास मिठाचाही जोर सरतो, आणि त्या थंडीत नुसत्या मिठावर विसंबून चालत नाही. शिवाय हेच मीठ गाड्यांचे पत्रे खातं, तळ्यांत आणि विहिरींत उतरतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ह्यांच्या पापण्यांचं काय होणार गं?" ती चेष्टा करत नव्हती. तिला खरोखर काळजी वाटली होती.

अजून एक गोष्ट तिने बघितली आणि मला लावून दिली. गाडीच्या टपावरचा बर्फ मी आळसाने तसाच ठेवायचे, काचा तेवढ्या साफ करायचे. इथे एका मोठ्या ट्रकच्या टपावरून बर्फाची लादी उडाली आणि त्या अपघातात एक तरुण मुलगी गेली, त्यानंतर ह्या राज्याने टप न झाडता गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा ठरवलं. हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "कायदा कशाला लागतो? मागच्याच्या काचेवर जाणार हे दिसत नाही का?" तेव्हापासून लांब दांड्याचा झाडू तिच्या ताब्यात. सकाळी ती एका बाजूने टप झाडायची, मी दुसऱ्या बाजूने, आणि मग धुराड्याच्या नळीभोवती साचलेला बर्फ पायाने उकरायची, कारण ती बुजली तर विषारी वायू आत येतो हे तिने एकदाच ऐकलं होतं. शेवटी हातमोज्याने पुढचे सहा तारे पुसायची. देव पुसावेत तसे.

टायर येण्याआधीच्या रविवारी सकाळी आम्ही शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गेलो. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याने सुचवलं होतं, की घसरायचंच असेल तर जिथे आपटायला काही नाही तिथे घसरून घे. रात्रीचा बर्फ लोटून झाला होता, खाली दबलेला गुळगुळीत थर. आईला लांब कुंपणाशी उभं केलं. मी वीस मैलांच्या वेगाला आले आणि एका दिव्याच्या खांबाच्या रेषेत ब्रेक पूर्ण दाबला. तेच थरथरणं पायाखाली. त्या रात्री ते जाणवताच मी घाबरून पाय अर्धवट उचलला होता, हे आत्ता कळलं. ते थरथरणं म्हणजे बिघाड नाही, चाकं जाम होऊ नयेत म्हणून यंत्रणा ब्रेक सोडते-धरते त्याचा तो धक्का, आणि त्यावर पाय तसाच दाबून ठेवायचा असतो, नजर जायचं तिकडे ठेवून. गाडी थांबल्यावर आई खांबापासून चालत आली, साडी जरा वर खोचून, माझ्या जुन्या स्नोबुटांत, पावलं मोजत. "अठ्ठावीस," ती म्हणाली. मग मी दहाच्या वेगाने केलं. तिने सात मोजली. अर्धा वेग, पाव अंतर. शाळेत हे सूत्र पाठ केलं होतं, पण आईच्या पावलांनी मोजल्यावर ते पोटात गेलं.

नवीन टायर घालून पुन्हा तिथेच गेलो. थंडी तेवढीच, बर्फ साधारण तसाच. वीसचा वेग, तोच खांब. ती मोजत आली आणि माझ्या दारापाशी येऊन थांबली. "एकोणीस." मला वाटलं ती खूश होईल. ती थोडा वेळ मागे वळून खांबाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अप्पा म्हणाले असते, एकोणीस पण कमी नाहीत."

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा नॅशुआला जेवायला बोलावणं होतं. आम्ही पोचलो तेव्हा आकाश निरभ्र होतं, डोक्यावरून पश्चिमेकडे कललेल्या कृत्तिका आईने दारातूनच दाखवल्या. दहा वाजता बाहेर बघितलं तर ढग, आणि दिव्याच्या उजेडात तीच भुरभुर. चारही चाकांना नवे टायर होते. मैत्रीण दारात आली आणि जपूनच म्हणाली, "राहता का?" मी गाडीकडे बघितलं. पारदर्शक काचेचा थर तिच्यावर चढत होता, नाकावरचे तारे त्याखाली गेले होते.

"राहतो," मी म्हणाले.

आईने पिशवीतून साडीची घडी आणि दाताचा ब्रश काढला. घरून निघतानाच तिने ते बरोबर घेतलं होतं. मैत्रिणीने खोलीत गाद्या घातल्या, दिवा मालवला. अंधारात बराच वेळ पन्हळीवर पाऊस वाजत होता. मला वाटलं आई झोपली.

"सकाळी मीठवाला येईल ना गं?" तिने विचारलं.